लंडनची पार्कं: कुठल्या महिन्यात कुठे जायचं, चारही सीझनचा रिव्ह्यू

लंडनला फिरायला आलेले बहुतेक लोक हाइड पार्कात एक चक्कर मारतात, सर्पेंटाइन तलावाशी दोन फोटो काढतात आणि चला, पार्क बघून झालं म्हणून पुढच्या ठिकाणी पळतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या शहरातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे, वर ती फुकट आहे, आणि एका चकरेत ती अजिबात कळत नाही. इथे प्रत्येक पार्काचा स्वतःचा एक महिना असतो, काहींचे तर जेमतेम दोन आठवडे असतात, आणि नेमकं त्या वेळात गेलात तर जे दिसतं ते बाकी वर्षभर तिथे नसतंच. म्हणून हा रिव्ह्यू पार्कांच्या क्रमाने न लिहिता सीझनच्या क्रमाने लिहितेय. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांना तो जास्त उपयोगी पडेल, पण दहा दिवसांसाठी येणाऱ्यांनीही आपला महिना बघून तेवढं वाचलं तरी चालेल.

आधी कुठलं पार्क कोणाकडे आहे ते थोडक्यात सांगते, कारण उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा आणि नियम त्यावर ठरतात. रॉयल पार्क्स एकूण आठ: हाइड पार्क, केन्सिंग्टन गार्डन्स, ग्रीन पार्क, सेंट जेम्स पार्क, रीजेंट्स पार्क, ग्रिनिच, रिचमंड आणि बुशी. मिळून साधारण ५००० एकर, आणि त्यातलं निम्मं एकट्या रिचमंडचं. ही सगळी २०१७ पासून एक चॅरिटी सांभाळते. हॅम्पस्टेड हीथचं माळरान आणि एपिंग फॉरेस्टचं जंगल सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहेत, आणि घराजवळची छोटी-मोठी पार्कं त्या त्या भागाच्या कौन्सिलकडे. या कशालाच तिकीट नाही. क्यू गार्डन्स या बोटॅनिकल गार्डनला आहे, आणि चांगलं घसघशीत आहे, त्याबद्दल हिवाळ्यात लिहिते.

फुकट आहे म्हणजे ते आपोआप मिळालंय असं मात्र नाही. रिचमंड पार्काला पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये भिंत घातली, शिकारीसाठी. पुढे दुसऱ्या जॉर्जची मुलगी अमेलिया तिथली रेंजर, म्हणजे पार्काची कारभारी, झाली आणि तिने लोकांची ये-जा जवळजवळ बंदच करून टाकली, आत जायचं तर परवाना पाहिजे. तेव्हा जॉन लुईस नावाच्या एका बिअर बनवणाऱ्या स्थानिक माणसाने थेट कोर्टात केस केली, पायवाटेवरून चालायचा लोकांचा हक्क आहे म्हणून, आणि १७५८ मध्ये तो जिंकला. समोर राजाची मुलगी, आणि हा बिअरवाला. हॅम्पस्टेड हीथवरही जमीनमालकाला बांधकाम करायचं होतं, वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि शेवटी १८७१ मध्ये कायदा होऊन ती जागा लोकांसाठी कायमची राखली गेली. मी रिचमंडच्या भिंतीतल्या छोट्या गेटमधून आत शिरते तेव्हा मला तो लुईस हमखास आठवतो आणि मनापासून थँक्यू म्हणावंसं वाटतं.

आता वसंत. इथला वसंत कॅलेंडर बघून येत नाही, हवा बघून येतो, त्यामुळे खाली लिहिलेल्या तारखा आठवडाभर इकडे-तिकडे होतात हे धरूनच प्लॅन करा. फेब्रुवारीत क्रोकस उगवतात, जमिनीलगत, जांभळे आणि पांढरे, ऊन पडलं की उघडतात आणि ढग आले की मिटतात. मार्चमध्ये ग्रीन पार्कात जा. एरवी या पार्कात आखीव फुलांचे वाफे नाहीत, नुसतं गवत आणि मोठी झाडं, त्यामुळे बाकी वर्षभर मी त्याला पाचपैकी तीनच देईन, पण मार्चमध्ये त्याच गवतातून डॅफोडिल्स येतात आणि ट्यूब स्टेशनमधून बाहेर पडल्या पडल्या समोर सगळं पिवळं असतं. तेव्हा साडेचार.

एप्रिलच्या मध्यावर चेरी ब्लॉसम. यासाठी सगळे रीजेंट्स पार्काकडे धावतात, तिथेही छान असतं, पण माझं मत ग्रिनिच पार्काला. बहुतेक लोक ग्रिनिचला नदीच्या बाजूने येतात आणि टेकडी चढून ऑब्झर्व्हेटरीपाशी दमतात, मग चेरीची रांग आहे तिथपर्यंत पोचतच नाहीत, कारण ती मागच्या बाजूला आहे, रेंजर्स हाउसजवळच्या रोज गार्डनशेजारी. तुम्ही उलटं करा. ब्लॅकहीथ स्टेशनला उतरा, मैदान ओलांडून वरून पार्कात शिरा, आधी चेरी बघा, मग सपाटीवरून चालत ऑब्झर्व्हेटरी, तिथून खाली अख्खं लंडन दिसतं, आणि मग उतार उतरून नदीवर. चढ चढताना दमणाऱ्यांना तर हाच रस्ता बरा.

त्या चेरीच्या झाडांखाली उभं राहिलं की वरून सारखी फुलं पडत असतात, एकेक पाकळी नाही, अख्खी फुलं देठासकट. मान वर केली की कळतं, पोपट आहेत. आपलेच हिरवे, लाल चोचीचे आणि गळ्याभोवती पट्टा असलेले, अगदी त्याच जातीचे. पाळलेले सुटले आणि इथेच वाढले, आता लंडनमध्ये हजारोंनी आहेत. ते फूल देठाजवळ चावतात, त्यातला मध घेतात आणि बाकीचं खाली टाकून देतात, अगदी निवांत, एकामागून एक. परदेशात पहिल्या वर्षी फार एकटं वाटत असतं तेव्हा हा आवाज डोक्यावरून गेला की माणूस रस्त्यात थांबतो, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि माझंही तसंच झालं होतं.

एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकदम येतात आणि एका वीकेंडमध्ये दोन्ही करायच्या म्हणजे ओढाताण होते, कारण एक शहराच्या पूर्वेला आणि दुसरी पार नैर्ऋत्येला. पूर्वेला वॉनस्टेड पार्कातलं शॅले वुड, तिथले ब्लूबेल्स. ओक वगैरे झाडांना पूर्ण पानं फुटायच्या आधी जमिनीपर्यंत ऊन येतं तेवढ्याच काळात ही फुलं उरकून घेतात, म्हणून त्यांचा सीझन इतका छोटा. जंगलाची जमीन निळी-जांभळी दिसते आणि वास अगदी हलका, वारा पडला तरच येतो. तिथे पायवाटांच्या कडेला लाकडाचे ओंडके टाकून हद्द आखलीय आणि ती प्लीज प्लीज ओलांडू नका, फोटोसाठी तर नाहीच. ब्लूबेलची पानं तुडवली गेली की त्या कंदाला पुढच्या वर्षीसाठी अन्न साठवता येत नाही आणि तो भाग सावरायला कित्येक वर्षं जातात. लोक लहान मुलांना फुलांच्या मधोमध बसवून फोटो काढतात ते बघून जीव तुटतो.

नैर्ऋत्येला रिचमंड पार्काच्या आतलं इझाबेला प्लँटेशन. साधारण ४० एकरांची कुंपण घातलेली बाग, कुंपण अशासाठी की हरणांनी सगळं खाऊन टाकू नये. १९५३ पासून लोकांसाठी खुली आहे. आत छोटे छोटे ओहोळ, आणि त्यांच्या दोन्ही काठांवर अझेलियाची झुडपं, गडद गुलाबी, राणी कलर, पांढरा, भगवा, त्यांचं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. रंग इतके असतात की फोनमधला फोटो खोटा वाटतो. पाचपैकी पाच, दुसरा विचारच नाही. फक्त स्टेशनपासून हे बरंच लांब आहे, रिचमंड स्टेशनवरून चालत जायचं तर पार्कच ओलांडायला लागतं, तेव्हा बूट चांगले घाला आणि पाण्याची बाटली ठेवा.

अॅलर्जीवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. लंडनच्या रस्त्यांवर आणि पार्कांत जे साल सोलवटणारं मोठं झाड सगळीकडे दिसतं ते लंडन प्लेन. त्याच्या खोडाची साल तुकड्यातुकड्यांनी गळते आणि खाली पिवळट, हिरवट, राखाडी असे ठिगळांसारखे डाग दिसतात. एका अमेरिकन आणि एका पूर्वेकडच्या जातीचा संकर आहे, आणि शहराच्या धुरात टिकतो म्हणून लावला गेला. बर्कली स्क्वेअरमधली प्लेनची झाडं १७८९ ची आहेत, मुद्दाम जाऊन बघा. पण एप्रिल-मेमध्ये त्याच्या फळांवरची आणि पानांवरची बारीक लव हवेत उडते आणि घशात खवखवतं, खोकला थांबत नाही. त्यानंतर जून-जुलैत गवताचे परागकण, म्हणजे खरा हे फीव्हर, डोळे लाल, शिंका. इथे आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांना काहीच झालं नाही त्यांनाही नंतर सुरू झालेलं मी बघितलंय. फार्मसीत साधी अॅलर्जीची गोळी मिळते, फार्मसिस्टला विचारून सीझन सुरू व्हायच्या आतच घेऊन ठेवा.

उन्हाळ्याबद्दल मी थोडं कमीच लिहिणार आहे कारण उन्हाळ्यात लंडनचं कुठलंही पार्क चांगलंच असतं, त्यात सांगण्यासारखं काय. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो, ऑफिस सुटल्यावर जाऊनही तीन तास उजेड मिळतो, आणि माणसं अक्षरशः जिथे गवत दिसेल तिथे आडवी झालेली असतात. एकच जागा वेगळी काढून सांगते, रीजेंट्स पार्कातलं क्वीन मेरीज गार्डन्स. जवळजवळ १२००० गुलाब, आणि जूनचे पहिले दोन-तीन आठवडे ते सगळे एकाच वेळी. एका वाफ्यात एकच जात, शेजारी नावाची पाटी, त्यामुळे तुम्ही वाफ्यावाफ्यापाशी वाकून वास घेत जाऊ शकता आणि काही दिसायला देखणे पण वासच नाही, काही साधेच दिसतात पण वास असा की तिथून हलवत नाही, हे स्वतः नाकाने ठरवता येतं. दुपारी प्रचंड गर्दी असते. संध्याकाळी सातनंतर जा, ऊन तिरपं झालेलं असतं, गर्दी ओसरलेली असते आणि हवेत गारवा आला तरी दिवसभराचा वास तिथेच रेंगाळत असतो.

पोहणाऱ्यांनी हॅम्पस्टेड हीथची तळी चुकवू नयेत. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं आणि एक मिक्स्ड. पैसे लागतात, पाणी उन्हाळ्यातही गारच असतं, आणि तळ दिसत नाही, त्यामुळे पोहणं पक्कं येत असेल तरच उतरा. बायकांच्या तळ्याचं मला फार कौतुक आहे, चारही बाजूंनी झाडी, बाहेरून काही दिसत नाही, सगळ्या वयाच्या बायका आपापल्या तंद्रीत पोहत असतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही. साठी ओलांडलेल्या एका काकूंना मी तिथे पाण्यात उतरायला घाबरून कठड्याला धरून उभ्या राहिलेलं बघितलं आणि शेजारची अनोळखी बाई हळूहळू त्यांच्याशी बोलत बोलत त्यांना पाण्यात घेऊन गेली.

पण उन्हाळ्याची दुसरी बाजूही आता बघायला लागते. १९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये पारा ४० च्या वर गेला, आणि त्या ऑगस्टमध्ये हाइड पार्क, ग्रिनिच सगळीकडचं गवत वाळून गवताच्या गंजीच्या रंगाचं झालं होतं. पावसाने ते परत हिरवं झालं, गवत चिवट असतं, पण नवीन लावलेल्या झाडांचं तसं नसतं. रॉयल पार्क्समध्ये बार्बेक्यूला बंदी आहे आणि असं वाळलेलं गवत बघितलं की ती मला शंभर टक्के पटते.

शरद ऋतू, इथे ऑटम. मला विचाराल तर लंडनला यायला सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर, आणि त्यातही रिचमंड पार्क, आणि त्यातही पहाट. पार्कात साधारण ६३० हरणं आहेत, रेड डिअर आणि फॅलो डिअर, मोकळी फिरतात, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर नर माजावर असतात. उजाडताना गेलात तर आधी दिसत काहीच नाही, सखल भागात धुकं असतं, फक्त आवाज येतो. घोगरा, लांबलेला, पोटातून काढलेला, एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूने उत्तर. मग धुक्यातून शिंगं दिसायला लागतात, आणि त्या शिंगांवर ब्रॅकनची, म्हणजे एका जातीच्या उंच नेच्याची, वाळकी पानं लटकत असतात, कारण नर मुद्दाम शिंगं झुडपात घालून घुसळतात, आहे त्यापेक्षा मोठं आणि भारी दिसावं म्हणून. अंगाला चिखल, नाकातून वाफ, मान पुढे काढून तो ओरडतो तेव्हा ते पोटापर्यंत जाणवतं. एक कोटी लोकांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात, बसच्या अंतरावर, हे चालू असतं.

किमान ५० मीटर लांब राहायचं, हा नियम आहे आणि या दिवसांत तो जीव वाचवणारा नियम आहे. लोक मोबाइल घेऊन सेल्फीसाठी पाच-दहा मीटरवर जातात, मुलांना पुढे करतात. नर माद्यांच्या मागे धावताना मध्ये कोण आलंय ते बघत नाही. दोन नरांच्या मध्ये तर कधीच जाऊ नका. फोटो हवाय तर झूम लेन्स न्या, नाहीतर साधी दुर्बीण, दुर्बिणीतून जास्त मजा येते. आणि खायला काही देऊ नका, खाली पडलेले चेस्टनट आणि ओकची फळंही गोळा करायला बंदी आहे, हिवाळ्याच्या तोंडावर तेच हरणांचं खाणं असतं.

हरणं बघून झाल्यावर पार्काच्या पश्चिम कडेला किंग हेन्रीज माउंड नावाचा उंचवटा आहे तिथे जा. झुडपाच्या भिंतीत एक भोक राखलेलं आहे, त्यातून बघितलं की दहा मैलांवरचा सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसतो, बरोब्बर मधोमध. तो देखावा झाकला जाऊ नये म्हणून कायद्याने राखलेला आहे. हवा स्वच्छ पाहिजे, धुक्यात काही दिसणार नाही, म्हणजे हरणांसाठी धुकं हवं आणि यासाठी नको, तर थोडा वेळ थांबावं लागतं.

पानांच्या रंगांसाठी दोन टोकाच्या जागा सुचवते. हॉलंड पार्कातलं क्योटो गार्डन, १९९१ मध्ये केलेलं, अगदी छोटं, एक धबधबा, कोई मासे, जपानी मेपल, आणि पायात येणारे मोर. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेपल लाल होतात. सुंदर आहे, पण वीकेंडला रांग लावून पूल ओलांडायचा हे मला जमत नाही, त्यामुळे साडेतीन, आणि वर्किंग डेच्या सकाळी गेलात तर साडेचार. दुसरं एपिंग फॉरेस्ट, चिंगफर्डला ओव्हरग्राउंड ट्रेनने जाता येतं. इथली बीच आणि हॉर्नबीमची झाडं पूर्वी सरपणासाठी डोक्याच्या उंचीवर छाटायचे, १८७८ च्या कायद्याने जंगल राखलं गेलं आणि ती छाटणी थांबली, मग छाटलेल्या जागेतून फुटलेल्या फांद्या वाढत वाढत आता खोडाएवढ्या जाड झाल्यात. एकेका झाडाला दहा-दहा हात असल्यासारखे वर गेलेले, आणि खाली तांबडी पानं घोट्यापर्यंत. इथे चिखल होतो, कापडी बूट घालून जाऊ नका.

आता हिवाळा, आणि इथे मी थोडी भांडायला तयार आहे, कारण सगळे म्हणतात हिवाळ्यात पार्कात काय ठेवलंय. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो हे खरं, आणि अंधार पडला की बरीच पार्कं बंद होतात हेही खरं. हाइड पार्क वर्षभर पहाटे ५ ते मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं, पण शेजारचंच केन्सिंग्टन गार्डन्स, तसंच रीजेंट्स पार्क, अंधार पडायच्या सुमाराला बंद. रिचमंडला पायी जायची गेट्स एरवी रात्रभर उघडी असतात पण नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्री बंद ठेवतात. म्हणून हिवाळ्यात सकाळी जायचं, बस.

पानं गेलेली असतात हाच तर हिवाळ्याचा फायदा आहे. उन्हाळ्यात नुसते आवाज येतात, पक्षी पानांत लपलेला, हिवाळ्यात अख्खं झाड उघडं. रीजेंट्स पार्काच्या बोटिंग लेकवरच्या बेटांवर राखी बगळ्यांची वसाहत आहे, आणि हे बगळे जानेवारीच्या शेवटीच घरटी बांधायला लागतात, बाकी सगळं गारठलेलं असताना. काठावर उभं राहून साध्या डोळ्यांनी दिसतं. एक बगळा लांब काटकी चोचीत आडवी धरून येतो, घरट्यावर उभी असलेली मादी ती घेते, एका जागी खोचते, पटत नाही, काढते, दुसरीकडे खोचते, तोवर हा मान वाकडी करून शेजारी उभा. शेजारच्या घरट्यातला दुसरा, मालक गेला की हळूच मान लांब करून त्याची काटकी पळवतो. हातमोजे घालून तासभर बघत बसले तरी मला कंटाळा येत नाही. आणि त्या सगळ्या वेळात जवळच्या झुडपात एक रॉबिन गात असतो, कारण इथला रॉबिन भर हिवाळ्यातही गातो, नर आणि मादी दोघंही आपापली हद्द राखायला गातात.

क्यू गार्डन्सचं तिकीट मी म्हटलं तसं महाग आहे, पण हिवाळ्यात ते उन्हाळ्यापेक्षा स्वस्त असतं आणि काचघरांचा खरा उपयोगही तेव्हाच होतो. बाहेर तीन-चार डिग्री आणि पाम हाउसचं दार ढकललं की चष्म्यावर एकदम वाफ धरते, काही दिसेनासं होतं, आणि दिसायच्या आधी वास येतो, ओल्या मातीचा, उबदार. मग चष्मा पुसला की समोर केळ, नारळ, कोको, रबर. ही लोखंड-काचेची इमारत १८४८ मध्ये पुरी झाली. आत एक सायकॅड, म्हणजे पामसारखं दिसणारं एक झाड आहे, १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं, अजून कुंडीत, आणि वयामुळे आडवं वाढत चाललंय म्हणून त्याला खालून टेकू दिलेत. टेम्परेट हाउस हे दुसरं काचघर पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ ला परत उघडलं तेही बघा. फेब्रुवारीत ऑर्किडचा उत्सव असतो, त्याला मात्र गर्दी फार. दिवसभराचा वेळ असेल तरच क्यूचे पैसे वसूल होतात, दोन तासांसाठी मी कोणाला जा म्हणणार नाही.

पैसेच खर्च करायचे नसतील तर वॉल्थमस्टो वेटलँड्स. चालू जलाशय आहेत, लंडनला पाणी इथूनही जातं, आणि २०१७ पासून लोकांना आत फिरायला फुकट. वारा बोचरा असतो, आडोसा कमी, पण हिवाळी बदकं पाण्यावर भरपूर. आणि ज्यांना थंडीत घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं त्यांनी शनिवारी सकाळी ९ च्या पार्करनला नाव नोंदवा, ५ किलोमीटर, फुकट, चालत गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. हा प्रकार सुरूच बुशी पार्कात झाला, २ ऑक्टोबर २००४ ला, १३ धावणाऱ्यांबरोबर. इथे ओळखी होत नाहीत म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते.

तक्रारी आहेत. एका मोठ्या पार्कात उन्हाळ्यात कॉन्सर्टसाठी लॉनचा भलामोठा भाग हिरव्या पत्र्यांनी आठवडेच्या आठवडे बंद होता आणि आम्ही पिकनिकचा डबा घेऊन भिंतीच्या कडेकडेने हिंडलो. पार्कं चालवायला पैसे लागतात आणि ते असे उभे करतात हे समजतं, पण सगळ्यात चांगल्या महिन्यातच सगळ्यात चांगली जागा बंद, हे पटत नाही. टॉयलेटचं तर विचारू नका. एका ठिकाणी संध्याकाळी लवकर कुलूप, एका ठिकाणी फक्त कार्डने पैसे आणि मशीन बंद, लहान मूल बरोबर असेल किंवा डायबेटिसवालं कोणी असेल तर निघायच्या आधी नकाशावर टॉयलेट कुठे आहे ते बघूनच निघा.

आई-बाबा इकडे येणार असतील तर रिचमंड-एपिंगचा हट्ट धरू नका, त्यांना सेंट जेम्स पार्कात न्या. सेंट जेम्स पार्क ट्यूब स्टेशनपासून पाच मिनिटं, रस्ते सपाट, बाकं भरपूर, टॉयलेट आहे, आणि तलावात पेलिकन. हे पेलिकन १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने दुसऱ्या चार्ल्सला भेट दिले तेव्हापासून इथे कायम ठेवलेत, आणि दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांना मासे घालतात. सव्वादोनपर्यंत पोचा, तलावाच्या कडेचं बाक धरा, थर्मासमधून चहा न्या, आणि ब्रेड मात्र नेऊ नका, पक्ष्यांना तो घालायचा नसतो.